शपथ मोडायची वेळ आली तर? सरंजामी युरोप आणि त्याची वीरकाव्यं

(वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात मध्ययुगीन युरोपातल्या सरंजामशाहीवर एक छोटं टिपण होतं, त्यात रोलाँच्या काव्याचा, म्हणजे शार्लमेन राजाच्या रोलाँ नावाच्या सरदारावरच्या जुन्या फ्रेंच वीरकाव्याचा, नुसता ओझरता उल्लेख होता आणि नेमकी त्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली. याचा मनापासून आनंद झाला, कारण ही काव्यं वाचल्याशिवाय तो समाज कळतच नाही असं माझं ठाम मत आहे. बरेच प्रश्न एकसारखे होते, ते एकत्र केलेत.

प्रश्न : रोलाँ हा खरा माणूस होता की कवीने रचलेलं पात्र?

खरा माणूस होता, पण त्याच्याबद्दल खात्रीने सांगता येईल ते एका वाक्यात संपतं. ७७८ साली फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन स्पेनमध्ये फौज घेऊन गेला, तेसुद्धा तिथल्याच काही मुस्लिम अधिकाऱ्यांनी कॉर्डोबाच्या अमीराविरुद्ध मदतीला बोलावलं म्हणून. सारागोसाचे दरवाजे काही उघडले नाहीत, मोहीम फसली, परत येताना त्याने बास्कांच्या (पिरेनीज डोंगराच्या भागातले स्थानिक लोक) पांप्लोना शहराची तटबंदी पाडली आणि मग १५ ऑगस्टला पिरेनीजच्या डोंगरात बास्कांनी त्याची पिछाडी गाठून कापून काढली. पुढे शार्लमेनचं चरित्र लिहिणाऱ्या आइनहार्डने तिथे मेलेल्यांपैकी तीन नावं दिलीत, राजाच्या मुदपाकखान्याचा कारभार बघणारा एग्गीहार्ड, राजवाड्याचा काउंट आन्सेल्म आणि ब्रिटनीच्या सरहद्दीचा अधिकारी ह्रुओडलँड. हा तिसरा म्हणजे रोलाँ. बस, एवढंच.

आता तीनशे वर्षं पुढे या. इ.स. ११०० च्या आसपास जुन्या फ्रेंचमध्ये जे काव्य तयार झालं त्यात सगळंच बदललंय. बास्क गायब, त्यांच्या जागी सारागोसाचा राजा मार्सिल आणि त्याची चार लाखांची फौज. खरा शार्लमेन तेव्हा तिशीतला होता, काव्यातला दोनशे वर्षांचा आहे, पांढऱ्याशुभ्र दाढीचा. रोलाँ त्याचा भाचा झालाय, त्याच्याबरोबर बारा बरोबरीचे सरदार आहेत, आणि हरण्याचं कारण डोंगर किंवा चुकलेला डाव हे नाहीये, कारण आहे गद्दारी, तीही रोलाँच्या सावत्र बापाची, गानलाँची. जेरुसलेमवर पहिली क्रुसेड, म्हणजे मुस्लिमांविरुद्धची ख्रिस्ती धर्मयुद्धाची मोहीम, १०९९ मध्ये पोचली होती, तेव्हा शत्रू मुस्लिम का झाला हे वेगळं सांगायला नको. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की आठव्या शतकातल्या एका छोट्या पराभवावर अकराव्या-बाराव्या शतकातल्या लोकांनी स्वतःची सगळी भांडणं आणून ठेवली. धन्याचं काय देणं लागतं, नातेवाइकांचं काय लागतं, आणि दोन्ही एकमेकांच्या आड आले तर काय. त्यामुळे हे काव्य ७७८ चा पुरावा म्हणून वाचलं तर हाती काही लागत नाही, ११०० चा पुरावा म्हणून वाचलं तर खजिना आहे.

प्रश्न : व्हॅसल (धन्याला निष्ठेची शपथ देऊन जहागीर घेणारा) होणं म्हणजे नक्की काय करायचे? काही कागद वगैरे करत का?

कागद नंतर आले, आधी हात. याचं एक वर्णन फार चांगलं टिकलंय. २ मार्च ११२७ ला फ्लँडर्सचा (आजच्या बेल्जियमच्या भागातला प्रांत) काउंट, म्हणजे तिथला सत्ताधारी सरदार, चार्ल्स याचा ब्रूझ शहरात चर्चमध्येच, प्रार्थना करत असताना, खून झाला. नवा काउंट म्हणून विल्यम क्लिटो आला आणि एप्रिलमध्ये तिथल्या सरदारांनी त्याला हॉमेज दिलं, म्हणजे त्याचे व्हॅसल झाले. गालबर्ट नावाचा कारकून तिथेच ब्रूझमध्ये होता, त्याने ते टिपून ठेवलंय. काउंट विचारतो, तू पूर्णपणे माझा माणूस व्हायला तयार आहेस का, समोरचा म्हणतो, हो, माझी इच्छा आहे. मग तो आपले दोन्ही हात जोडून काउंटच्या हातांच्या ओंजळीत देतो आणि चुंबनाने करार पक्का होतो. त्यानंतर संतांच्या अवशेषांवर हात ठेवून निष्ठेची शपथ, आणि मग काउंट हातातल्या छडीने त्याला त्याची जहागीर बहाल करतो. छडीच पाहिजे असं नाही, कुठे मातीचं ढेकूळ देत, कुठे हातमोजा, कुठे निशाण.

बदल्यात व्हॅसलने लढाईला यायचं (बऱ्याच ठिकाणी वर्षाला ४० दिवस असा रिवाज पडला), दरबारात सल्ला द्यायला आणि न्यायनिवाड्याला बसायचं आणि काही ठरावीक प्रसंगी पैसा द्यायचा, धन्याच्या थोरल्या मुलाला नाइट करताना, थोरल्या मुलीच्या लग्नात, आणि धनी कैद झाला तर त्याच्या खंडणीला. धन्याने काय द्यायचं? जमीन, संरक्षण आणि न्याय. म्हणजे हे बंधन दुतर्फा होतं, आणि हे दुतर्फा असणं विसरलं की पुढचं सगळं चुकतं. १०२० च्या सुमाराला शार्त्रच्या बिशप फुलबेरने अ‍ॅक्विटेनच्या ड्यूकला याच विषयावर पत्र लिहिलंय, त्यात व्हॅसलची कर्तव्यं सांगून झाल्यावर तो स्पष्ट म्हणतो की धन्यानेही या सगळ्यात तसंच वागलं पाहिजे, नाही वागला तर तोही विश्वासघातकी ठरेल.

बंधन जसं हाताने बांधायचे तसं मोडायचेही एका वस्तूने. गालबर्ट सांगतो की लोकांनी काडी उचलली आणि फेकली, म्हणजे आजपासून तुझीमाझी निष्ठा संपली. ही काडी लक्षात ठेवा, खाली एका प्रश्नात लागणार आहे.

प्रश्न : रोलाँने शिंग वेळेवर फुंकलं असतं तर सगळे वाचले असते. मग याला वीर का म्हणायचं? सरळसरळ हट्टी माणूस वाटतो.

प्रश्न अगदी योग्य आहे आणि गंमत म्हणजे तो पहिल्यांदा विचारणारा रोलाँचा जिवलग मित्र ऑलिव्हिए आहे, काव्याच्या आतच. टेकडीवरून शत्रूची फौज बघून आल्यावर ऑलिव्हिए तीनदा सांगतो, अरे ओलिफाँ वाजव, शार्लमेन ऐकेल, फौज मागे वळेल. ओलिफाँ म्हणजे रोलाँचं ते हस्तिदंती शिंग. रोलाँ तिन्ही वेळा नाही म्हणतो, माझ्या घराण्याला कमीपणा येईल, फ्रान्सला येईल. आणि इथेच कवी ती प्रसिद्ध ओळ टाकतो, रोलाँ शूर आहे आणि ऑलिव्हिए शहाणा आहे. पुढच्याच ओळीत म्हणतो की दोघेही कमालीचे पराक्रमी आहेत. कवी कुणा एकाची बाजू घेत नाही.

थोडं मागे गेलं की रोलाँची बाजू कळते. लढाईआधी तो म्हणतो की आपल्या धन्यासाठी माणसाने हाल सोसले पाहिजेत, कडक ऊन कडक थंडी सोसली पाहिजे, कातडी आणि केस गेले तरी चालतील. हे नुसतं शौर्य नाहीये, हा हॉमेजचा करारच आहे, तो शब्दशः पाळतोय. पिछाडी राखायचं काम त्याने अंगावर घेतलंय, आणि ज्याचं रक्षण करायचं त्यालाच मदतीला हाक मारायची हे त्याच्या हिशेबात बसत नाही. ऑलिव्हिएचं म्हणणं वेगळं आहे आणि तेही कराराचंच आहे. तो नंतर तोंडावर सांगतो की शहाणपणाने केलेली सेवा म्हणजे भ्याडपणा नव्हे, तुझ्या बेपर्वाईने हे फ्रेंच मेले, आता शार्लमेनला आपली सेवा पुन्हा कधीच मिळणार नाही. मेलेला व्हॅसल धन्याच्या काय कामाचा, हा त्याचा मुद्दा. मला स्वतःला ऑलिव्हिएचं पटतं, पण रोलाँला हट्टी म्हणून निकालात काढणंही जमत नाही, कारण दोघं एकाच शपथेचे दोन अर्थ लावतायत आणि शपथ घेताना कुणीच अर्थ विचारलेला नव्हता.

शेवटी मूठभर उरल्यावर रोलाँ शिंग फुंकायला निघतो तेव्हा ऑलिव्हिएच चिडून म्हणतो की आता फुंकणं लाजिरवाणं आहे. आर्चबिशप तुर्पां मध्ये पडतो, म्हणतो जीव वाचायचा नाही हे खरं, पण राजा येईल, सूड घेईल आणि निदान आपली प्रेतं लांडगे-डुकरं खाणार नाहीत. मग रोलाँ एवढ्या जोराने फुंकतो की त्याच्या कानशिलाची शीर फुटते. तिकडे शार्लमेनला आवाज ऐकू येतो आणि गानलाँ म्हणतो, काही नाही हो, एका सशासाठी हा दिवसभर शिंग वाजवत बसतो!

आणि एक प्रसंग सांगतो जो सहसा कुणी सांगत नाही. ऑलिव्हिए मरणाच्या दारात आहे, डोळ्यांत रक्त उतरल्यामुळे त्याला दिसत नाहीये, रोलाँ जवळ येतो आणि शत्रू समजून ऑलिव्हिए त्याच्याच शिरस्त्राणावर तलवार हाणतो. शिरस्त्राण नाकापर्यंत चिरतं, डोक्याला लागत नाही. रोलाँ हळू आवाजात विचारतो, मित्रा, हे तू जाणूनबुजून केलंस का? मी रोलाँ आहे, तुझ्यावर एवढं प्रेम करणारा. ऑलिव्हिए म्हणतो, आवाज ऐकू येतोय पण दिसत नाहीयेस, माफ कर. दोघं एकमेकांपुढे मान झुकवतात. एवढं कडाक्याचं भांडण झाल्यानंतर हे येतं, म्हणून अंगावर येतं.

प्रश्न : गानलाँ गद्दार होता हे उघड आहे, मग त्याच्यावर खटला इतका लांबवर का चालवलाय? सरळ फाशी का नाही?

कारण त्या काळच्या ऐकणाऱ्यांना ते उघड नव्हतं. मार्सिलकडे दूत म्हणून जायचं काम जिवावरचं होतं, आधीच्या दोन दूतांची मुंडकी उडवलेली. रोलाँने भर दरबारात गानलाँचं नाव सुचवलं. गानलाँ भडकला आणि राजासमोर सगळ्यांदेखत त्याने रोलाँ, ऑलिव्हिए आणि बारा सरदारांपैकी बाकीच्यांना आव्हान दिलं, की आजपासून आपलं वैर. त्याच प्रसंगात शार्लमेन त्याला दूतपदाची खूण म्हणून उजव्या हाताचा हातमोजा देतो आणि तो गानलाँच्या हातून खाली पडतो. बघणारे फ्रेंच म्हणतात, देवा, याचा अर्थ काय असेल?

आता खटल्यात, शार्लमेनच्या राजधानीत आखेनला, गानलाँ म्हणतो की मी सूड घेतला हे कबूल, पण गद्दारी नाही केली, कारण वैर मी जाहीर केलं होतं. हा बचाव त्या समाजात वजनदार होता. जाहीर करून घेतलेला सूड हा कुळाचा हक्क मानला जायचा, आणि गानलाँच्या मागे तीस नातेवाईक उभे आहेत, त्यात पिनाबेल नावाचा धिप्पाड लढवय्या. पंच म्हणून बसलेले बॅरन, म्हणजे मोठे सरदार, कच खातात, राजाला म्हणतात जाऊ द्या, रोलाँ मेला तो काही परत येत नाही. एकटा तिएरी, अंगाने किरकोळ, उभा राहतो आणि म्हणतो की रोलाँने गानलाँचं काही वाकडं केलं असेलही, पण तो तेव्हा राजाच्या कामावर होता, आणि त्या कामाने त्याला संरक्षण मिळायला हवं होतं. बघा, एका वाक्यात राजसत्ता कुळाच्या वैरावर चढते. फैसला द्वंद्वयुद्धाने होतो, पिनाबेल मरतो, गानलाँला चार घोड्यांना बांधून फाडतात आणि त्याचे तीसच्या तीस जामीनदार नातेवाईक फासावर जातात. क्रूर आहे, पण या खटल्याशिवाय काव्य पूर्णच होत नाही, फ्रान्समध्ये राजाची ताकद सरदारांपुढे अजून दुबळी होती त्या काळात हे गायलं जात होतं.

प्रश्न : धनीच नालायक निघाला तर? शपथ तरीही पाळायची?

सगळ्यात चांगला प्रश्न हाच, आणि यावर एक अख्खं काव्य आहे, बाराव्या शतकाच्या अखेरचं, काँब्रेच्या राऊलचं. रोलाँएवढं ते गाजलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

राऊल लहान असताना त्याच्या बापाची काँब्रेची जहागीर राजा लुई दुसऱ्यालाच देऊन टाकतो. पुढे राऊल मोठा होऊन ती मागतो तेव्हा राजा एक भयानक तोडगा काढतो, की आता पुढचा जो कुणी काउंट मरेल त्याची जमीन तुला. मग व्हेरमांद्वाचा हर्बर्ट मरतो, त्याला चार मुलगे आहेत, जमीन त्यांची, तरी राऊल ती घ्यायला निघतो. राऊलचा साथीदार बेर्निए हा त्याच हर्बर्टच्या एका मुलाचा अनौरस मुलगा, म्हणजे धनी निघालाय तो थेट बेर्निएच्या बापाचुलत्यांची जमीन हिसकवायला. बेर्निएची आई मार्सां ओरिन्यीच्या मठात आहे. राऊल ओरिन्यी जाळतो, मठासकट, जोगिणींसकट, आणि बेर्निए आपल्या आईला जळताना बघतो, तिच्या छातीवर तिचं प्रार्थनेचं पुस्तक जळत असतं. त्या संध्याकाळी राऊल तळावर येऊन भाजलेले मोर मागतो, त्याचा कारभारी हादरून सांगतो की अहो लेंटचे (ईस्टरआधीचे) उपास चालू आहेत, तर राऊल बुद्धिबळ खेळायला बसतो.

आणि बेर्निए अजूनही निघून जात नाही! त्याने आधीच म्हटलेलं असतं की माझा धनी येशूला दगा देणाऱ्या जुदासपेक्षा नीच आहे, पण तो माझा धनी आहे, त्याने मला घोडा दिला, कपडे दिले, शस्त्रं दिली. आई जळाल्यावरसुद्धा नुसता शब्दाला शब्द वाढतो, आणि मग राऊल भाल्याचा दांडा उचलून त्याचं डोकं फोडतो, तेव्हा बंधन तुटतं. वाचताना आपल्याला धक्का बसतो, आईच्या मरणापेक्षा डोक्यावरचा घाव मोठा? पण त्यांच्या कायद्याने बघा, मठ जाळणं हे युद्धातलं पाप होतं, व्हॅसलला हाताने मारणं म्हणजे कराराचाच भंग. राऊल भानावर येऊन भरपाई देऊ करतो, स्वतःची मानहानी होईल एवढी मोठी, पण बेर्निए घेत नाही. नंतर समोरासमोर आल्यावर बेर्निए आपल्या अर्मिनच्या (पांढऱ्या केसाळ कातडीच्या) झग्यातले तीन केस चिलखताच्या कड्यांमधून उपटतो, राऊलच्या अंगावर फेकतो आणि म्हणतो, हे माझं आव्हान. वर सांगितलेली काडी आठवली ना? तेच. मग त्याच लढाईत बेर्निए राऊलला मारतो आणि रडतो, कारण ज्याने त्याला नाइट केलं त्यालाच त्याने मारलंय. यामागेही एक खरी घटना आहे, ९४३ साली हर्बर्टच्या मुलांच्या जमिनीवर चाल करून गेलेला एक राऊल मारला गेला अशी नोंद रँसच्या फ्लोदोआरने केलेली आहे.

आणि हे नुसतं काव्यात घडत नव्हतं. वर ज्या विल्यम क्लिटोचं हॉमेज सांगितलं त्याने वर्षभरात शहरांना दिलेली वचनं मोडली. फेब्रुवारी ११२८ मध्ये गेंट शहराच्या लोकांसमोर आल्स्टचा सरदार ईवान त्याला तोंडावर म्हणाला की तुम्ही शपथ मोडलीत, आता दोन्हीकडचे शहाणे लोक ईप्रला जमू देत आणि ठरवू देत की तुम्ही काउंट राहायला लायक आहात की नाही. काउंट एवढा संतापला की म्हणाला, तुझं हॉमेज परत करतो, तुझ्या बरोबरीचा होतो आणि तुझ्याशी लढतो. त्याच उन्हाळ्यात आल्स्टच्या वेढ्यात तो मेला.

स्पेनमधलं उत्तर वेगळं आहे. रोद्रिगो दियाझ, म्हणजे सिड, याला कॅस्टिलच्या अल्फोन्सो सहाव्याने १०८१ ला हद्दपार केलं, खरा सिड मग सारागोसाच्या मुस्लिम राजाकडे नोकरीला राहिला, १०९४ मध्ये त्याने व्हॅलेन्सिया स्वतःच्या जोरावर घेतलं आणि १०९९ ला तिथेच मेला. त्याच्यावरच्या स्पॅनिश वीरकाव्यातला सिड मात्र राजावर कधीच उलटत नाही. बुर्गोसमधून जाताना खिडक्यांतून लोक रडत म्हणतात, देवा, काय चांगला व्हॅसल आहे, याला चांगला धनी असता तर! राजाच्या भीतीने कुणी दार उघडत नाही आणि हे सांगायला येते कोण, तर नऊ वर्षांची एक पोर. ती म्हणते, आमचं वाईट करून तुमचं काही भलं होणार नाही. तो निमूट पुढे जातो, लढाया जिंकतो आणि प्रत्येक विजयानंतर राजाला घोडे पाठवतो, आधी ३०, मग १००, मग २००. पुढे जावयांनी त्याच्या मुलींना कोर्पेसच्या रानात मारहाण करून टाकून दिलं तेव्हासुद्धा तो तलवार उपसून धावत नाही, टोलेडोच्या दरबारात दावा लावतो. पहिल्यांदा फक्त जावयांना दिलेल्या दोन तलवारी परत मागतो, ते खूश होऊन देतात, मग म्हणतो आता ते ३००० मार्क द्या, तेही निघतात, आणि मग शेवटी अब्रूचा हिशेब काढतो. वकिलाने शिकावं असं आहे ते.

प्रश्न : या सगळ्यात शेतकरी कुठे आहेत?

जवळजवळ कुठेच नाहीत, आणि हे या काव्यांचं सगळ्यात मोठं मौन आहे. बिशप अदालबेरोने अकराव्या शतकात समाजाचे तीन भाग सांगितले, प्रार्थना करणारे, लढणारे आणि राबणारे, आणि तिसऱ्यांच्या अश्रूंना अंत नाही असंही त्यानेच लिहिलं. लढणाऱ्यांचा खर्च बघितला तर का ते कळतं. रिपुआरी फ्रँकांच्या कायद्यात किमती दिल्यात, बैल २ सॉलिडस (तेव्हाचं नाणं), चिलखत १२, म्यानासह तलवार ७, शिरस्त्राण ६. म्हणजे एका चिलखतात सहा बैल गेले, घोडा अजून वेगळाच. हे कुठून यायचं? धन्याच्या शेतावर वेठ, धन्याच्याच गिरणीत दळायचं, त्याच्याच भट्टीत भाकरी भाजायची आणि प्रत्येक वेळी त्याचा वाटा द्यायचा. ९९६ च्या सुमाराला नॉर्मंडीच्या शेतकऱ्यांनी सभा घेऊन प्रतिनिधी निवडले, जंगल आणि पाण्यावर हक्क मागितला, तर काउंट रुडॉल्फने त्या प्रतिनिधींचे हातपाय तोडून त्यांना घरी पाठवलं. यावर वीरकाव्य कुणी रचलं नाही.

प्रश्न : ही काव्यं कोण गायचं आणि कोण ऐकायचं?

गाणारे जाँग्लर, म्हणजे फिरते गायक, हातात व्हिएल नावाचं गजाने वाजवायचं तंतुवाद्य. ऐकणारे फक्त सरदार नव्हते, जत्रेतले, यात्रेच्या वाटेवरचे, सगळेच. १३०० च्या सुमाराला पॅरिसमध्ये जोहानेस दे ग्रोकेओने लिहिलंय की ही गाणी म्हाताऱ्यांना आणि कष्टकऱ्यांना कामातून विसावा घेताना ऐकवावीत, म्हणजे वीरांचे हाल ऐकून त्यांना स्वतःचे हाल सोसायला सोपे जातील. बोर्डोच्या ह्यूऑनचं जे काव्य आहे त्यात गायक मध्येच थांबून म्हणतो, आता संध्याकाळ झाली, मी दमलोय, उद्या जेवण करून या आणि प्रत्येकाने सदऱ्याच्या टोकाला एक माय बांधून आणा. माय म्हणजे अर्धा दनिए, दनिए हे तेव्हाचं छोटं नाणं. त्याहून हलकं पॉइत्वीन नाणं आणू नका हेही सांगतो.

प्रश्न : बायकांना या काव्यांत काही स्थान आहे का?

रोलाँमध्ये फारच थोडं. ऑलिव्हिएची बहीण ओद, रोलाँची वाग्दत्त वधू, विचारते रोलाँ कुठे, शार्लमेन म्हणतो तो मेला, मी तुला माझा मुलगा देतो, ती म्हणते रोलाँनंतर मी जगावं हे देवाला मान्य नसो, आणि तिथेच कोसळून मरते. सगळं मिळून तीसेक ओळी. ऑरेंजचा गियोम या दुसऱ्या एका वीरावरच्या काव्यांत मात्र त्याची बायको गिबूर्क नवरा नसताना किल्ला लढवते. आणि जर्मन निबेलुंगेनलीड, साधारण १२०० चं, ते तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्रीमहिल्डचं आहे, ती बर्गंडीच्या गुंथर राजाची बहीण आणि सीगफ्रीडची बायको. त्यातलं भांडण पूर्णपणे सरंजामी आहे. सीगफ्रीडने एकदा गुंथर राजाच्या घोड्याचा लगाम धरलेला ब्रुनहिल्डने, म्हणजे गुंथरच्या पुढे झालेल्या बायकोने, बघितला, तेव्हापासून ती त्याला गुंथरचा व्हॅसल समजते. पुढे वोर्म्सच्या चर्चच्या दारात आधी आत कोण जाणार यावर दोघी राण्या भांडतात, व्हॅसलच्या बायकोने राणीच्या पुढे जायचं नाही म्हणून, आणि त्यातून सीगफ्रीडचा खून आणि शेवटी सगळ्या राज्याचा नाश.

त्याच काव्यातल्या रूडिगरबद्दल एका वाचकाने वेगळं विचारलंय म्हणून इथेच सांगतो. तो हूणांच्या एट्झेल राजाचा, म्हणजे क्रीमहिल्डच्या दुसऱ्या नवऱ्याचा, व्हॅसल, क्रीमहिल्डला त्याने वैयक्तिक शपथ दिलेली, आणि ज्यांच्याशी लढायचंय त्या बर्गंडीच्या पाहुण्यांना, म्हणजे गुंथर आणि त्याच्या माणसांना, त्यानेच घरी ठेवून घेतलेलं, मुलगी दिलेली. तो राजाला म्हणतो, जमीन घ्या, किल्ले घ्या, सगळं परत घ्या, मी पायी निघून जातो. राजा सोडत नाही. लढायला जातो तेव्हा गुंथरचा व्हॅसल हागेन तक्रार करतो की तुझ्या बायकोने मला दिलेली ढाल फुटली, तर रूडिगर स्वतःची ढाल काढून त्याला देतो. हागेन ढाल घेतो आणि शपथ घेतो की मी तुझ्यावर हात उचलणार नाही. रूडिगर मरतो तो गुंथरचा भाऊ गेर्नोटच्या हातून, रूडिगरनेच त्याला भेट दिलेल्या तलवारीने.

प्रश्न : सुरुवात कुठून करावी?

रोलाँपासून करा, ऑक्सफर्डच्या हस्तलिखितातला पाठ जेमतेम ४००० ओळींचा आहे, इंग्रजी भाषांतरं भरपूर आहेत, दोन-तीन बैठकीत होतो. मग सिड, तो साधारण ३७०० ओळींचा आणि वाचायला सगळ्यात सोपा, फक्त त्याच्या एकमेव हस्तलिखिताचं पहिलं पान हरवलंय त्यामुळे गोष्ट मध्येच सुरू होते, घाबरू नका. राऊल शेवटी ठेवा, दुसरा भाग नंतर कुणीतरी जोडलेला आहे आणि तो ढिला पडतो, तो सोडला तरी चालेल, पण ओरिन्यीपासून राऊलच्या मरणापर्यंतचा भाग एका दमात वाचा.